क्रिस्तपुराणाची स्फूर्ति

या महोत्सवाच्या निमित्तानें आपल्या धर्मग्रामांतील पूर्वजांचें स्मरण या पुस्तिकेंत ठिकठिकाणीं झालेलें वाचकांस आढळेल. आम्ही मात्र येथें अशा एका धर्मगुरूची हकीकत सांगूं इच्छितों कीं, ज्याचें पाऊल या गांवांत कधीं पडलें असेल असें वाटत नाहीं, तरी मराठींत प्रार्थना करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती घराण्यावर ज्याचें ऋण आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांत विल्टशायर परगण्यांत झाला. ते रोमला जाऊन १५७५ सालीं येशूसंघांत शिरले, आणि १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोंचले. पुढील चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ सालीं देह ठेवीपर्यंत, ते बहुतेक काळ गोव्याच्या साष्टी महालांत राहिले. (ही साष्टी गोव्याची, मुंबईशेजारची नव्हे.)

मनुष्यास कांहीं नवें निर्माण करण्याची स्फूर्ति कोठून होते, याविषयीं विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. कोणी एकांत सांगतो, कोणी प्रतिभा सांगतो. स्टीफन्स यांनीं आपल्यापुरतें उत्तर ग्रंथाच्या आरंभींच नमूद करून ठेविलें आहे. साष्टींत धर्मोपदेश चालला असतां एक ब्राह्मण पाद्रीगुरूस विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें आपण बंद केलीं, तर त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें पुराण कां देत नाहीं? या एका प्रश्नांतून सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ जन्मास आला.

हा प्रश्न कोणत्या परिस्थितींत निघाला, तें झांकून ठेवण्यांत आम्हांस अर्थ दिसत नाहीं. १५६७ सालीं साष्टींतील हिंदूंचीं देवळें पाडण्यांत आलीं होतीं. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें फादर रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार संघबंधु मारले गेले. त्यांचे मृतदेह मिळवून आणण्याचें दुःखद काम स्टीफन्स यांच्याकडे आलें. पुढें गांवच्या प्रमुखांस असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून नेऊन पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं ठार केलें. हा न्याय नव्हता. आणि त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत स्टीफन्स कशाचें वर्णन करतात? तर इकडील भाषांच्या मधुर उच्चारांचें, आणि ग्रीक व लॅटिन यांशीं असलेल्या त्यांच्या रचनासाम्याचें! हेंच साम्य सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं जगापुढें मांडलें, तेव्हां तें मोठें संशोधन ठरलें. ज्या मुलखांत तीन महिन्यांपूर्वीं आपल्या बंधूंचीं प्रेतें उचललीं, त्याच मुलखाच्या वाणीकडे प्रेमानें कान देणें सर्वांस साधत नाहीं.

ब्राह्मणाच्या प्रश्नास, प्रश्नोत्तरी पाठ करा म्हणजे पुरे, असें उत्तर देऊन मोकळें होतां आलें असतें. आम्हां धर्मगुरूंस असें उत्तर देण्याची संवय असतेच. स्टीफन्स यांनीं प्रश्नकर्त्याची मागणी अक्षरशः मान्य केली: त्यानें पुराण मागितलें, त्याला पुराणच दिलें. ज्या ओवींत ज्ञानेश्वर व एकनाथ बोलले, तीच ओवी घेतली. जुन्या करारासाठीं पहिलें पुराण आणि ख्रिस्तचरित्रासाठीं दुसरें पुराण असे दोन भाग केले. पहिल्यांत ३६ आणि दुसऱ्यांत ५९ अध्याय, ज्यांस ते अवस्वर म्हणतात. स्वर्गासाठीं वैकुंठ हा लोकांच्या तोंडचा शब्द घेण्यासही ते कचरले नाहींत. देवाच्या गोष्टी सांगावयास या देशच्या भाषांत मराठी विशेष योग्य म्हणून ती निवडली. पण निव्वळ मराठी सामान्यांस कळणार नाहीं, म्हणून तींत तिकडील बोलींतले सोपे शब्द मिसळले, हेंही त्यांनीं सांगून ठेविलें आहे. मुलांना शिकवावयाच्या प्रश्नोत्तरीसाठीं मात्र त्यांनीं कोंकणीच वापरली. ती १६२२ सालीं रायतूर येथें छापली गेली, आणि त्यांचें कोंकणीचें व्याकरण १६४० सालीं; दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर.

एका गोष्टींत त्यांची इच्छा अपुरी राहिली. पुस्तकें या देशच्याच लिपींत छापावींत असें त्यांच्या मनांत फार दिवस होतें. १६०८ सालीं संघाच्या मुख्य अधिपतींस लिहिलेल्या पत्रांत ते अडचण सांगतात: युरोपांतील चोवीस अक्षरांच्या जागीं येथें सहाशें साचे ओतावे लागतील असें लोकांस वाटतें. मग आपणच हिशेब करून, ते दोनशेंवर आणतां येतील असें सुचवितात. तें घडलें नाहीं. १६१६ सालीं रायतूर येथें पुराण निघालें तें रोमन अक्षरांत. त्या वेळीं कर्त्याचें वय सदुसष्टाच्या आसपास होतें, आणि गोव्यास येऊन ३७ वर्षें झालीं होतीं.

पुराण देवळांत वाचूं लागले, आणि इतरांसही वाट सांपडली. फ्रेंच येशूसंघी एतिएन द ला क्रुआ यांचें संत पेत्राविषयींचें मराठी पुराण १६२९ सालीं गोव्यांत छापलें गेलें. फ्रान्सिस्कन फादर फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइन्श यांचें ख्रिस्ताच्या दुःखसहनाचें पुराण, तेंही आपल्या उत्तर कोंकणच्या बोलींत, १६५९ सालीं लिस्बनला निघालें.

क्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ सालीं आणखी आवृत्ति निघाल्या. पुढें १६८४ सालीं तीन वर्षांत देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलावें असा हुकूम व्हाइसरॉयनें काढला. त्या तिन्ही आवृत्तींची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो हातानें नकला करून घेणाऱ्या कुटुंबांमुळें. गोव्याहून कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनीं त्या पोथ्या जपल्या, आणि त्यांच्या आधारें जोसेफ साल्डान्हा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हां छापविला, अक्षरें रोमनच. देवनागरी हस्तलिखित लंडनमधील मार्सडेन संग्रहांत आढळलें. अखेर १९५६ सालीं पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं क्रिस्तपुराण देवनागरींत छापून प्रसिद्ध केलें. साच्यांचा हिशेब करणारें तें पत्र लिहिल्याला तेव्हां ३४८ वर्षें लोटलीं होतीं.