तंबूच्या दांड्या

तंबूच्या कापडाला उभारी व आकार देणाऱ्या सांगाड्याच्या भागांना तंबूच्या दांड्या असे म्हणतात. गिर्यारोहक व सहलींना जाणारे लोक व्यवहारात त्यांना 'पोल' म्हणतात. कापड धड असूनही केवळ एक दांडी मोडल्यामुळे किंवा हरवल्यामुळे जुना तंबू निरुपयोगी ठरतो. उत्पादकाने ते प्रारूप बंद केले असल्यास तयार दांडी मिळत नाही. मात्र योग्य मापे घेतली असता ती बनवून घेता येते.

रचना

पारंपरिक राहुटीत दांडी सरळ उभी असते व केवळ वरून येणारा भार पेलते. वाऱ्याचा जोर तणावे आणि मेखा सहन करतात. त्यामुळे बांबू मोडला तर दुसरा कोणताही तेवढ्याच उंचीचा बांबू किंवा लोखंडी नळी चालते. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा देहू सोडल्यानंतरचा पहिला रात्रीचा मुक्काम आकुर्डी येथे असतो. वारीत दिंड्यांबरोबर असणाऱ्या राहुट्या याच जातीच्या होत.

घुमटाकार तंबूचे तत्त्व निराळे आहे. बकमिन्स्टर फुलर यांच्या भूमितीय घुमटावरून प्रेरणा घेऊन द नॉर्थ फेस या कंपनीने 1975 मध्ये 'ओव्हल इन्टेन्शन' हा तंबू बाजारात आणला, आणि पुढे वाकणाऱ्या दांड्यांचे तंबू सर्वत्र रूढ झाले. यात दांडी धनुष्यासारखी वाकवलेली असते व तिच्या सरळ होण्याच्या ओढीमुळे कापड ताणलेले राहते. दांडी येथे खांब नसून स्प्रिंग असते. म्हणून केवळ लांबी जुळवून भागत नाही, लवचीकपणाही जुळवावा लागतो. भिंतीची जाडी समान असलेल्या नळ्यांपैकी 9.5 मिमी व्यासाची नळी 8.5 मिमीच्या नळीपेक्षा सुमारे 40 टक्के अधिक ताठ असते.

साहित्य

स्वस्त तंबूंत फायबरग्लासच्या दांड्या असतात. त्या बहुधा धातूच्या जोडनळीजवळ उभ्या चिरतात. चिरलेल्या दांडीचे बारीक तंतू त्वचेत शिरतात, त्यामुळे हातमोजे आवश्यक असतात. कापताना उडणारी धूळ टाळण्यासाठी तोंडावर मास्क लावावा लागतो. चांगल्या तंबूंत 7001 किंवा 7075 या मिश्रधातूंच्या ॲल्युमिनियम नळ्या असतात. खिडक्यांच्या चौकटींसाठी सर्वत्र मिळणारे 6063 ॲल्युमिनियम त्या मानाने मऊ असते. त्याची दांडी पहिल्याच जोरदार वाऱ्यात कायमची वाकण्याचा संभव असतो, आणि बदली दांडी करताना सर्वाधिक फसगत येथेच होते.

मापन व दुरुस्ती

नळीचा बाह्य व आतील व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजावा लागतो. फूटपट्टीने अर्ध्या मिलिमीटरचा फरक कळत नाही. मोडलेल्या दांडीचे तुकडे जुळवून एकूण लांबी काढतात. दांडी हरवली असल्यास कापड ताणून, दांडी ज्या बाहीतून जाते तिच्या शिवणीलगत एका टोकाच्या छिद्रापासून दुसऱ्या टोकाच्या छिद्रापर्यंत मोजतात. शेवटचा तुकडा थोडा लांब ठेवून तो थोडाथोडा कापत जाणे इष्ट असते. दांडी जास्त लांब राहिली तर शिवण फाटते; आखूड झाली तर कापड सैल पडून छतावर पाणी साचते.

प्रवासात दांडी मोडल्यास मोडीवर 10 ते 15 सेंमी लांबीची, किंचित मोठ्या व्यासाची नळी सरकवून दोन्ही टोके चिकटपट्टीने बांधतात. वाकलेली ॲल्युमिनियम दांडी पूर्ण सरळ करू नये, कारण त्याच जागी तडा जातो. वापराने आलेला हलका बाक मुळीच दोष नव्हे. आतील इलॅस्टिक दोरी सैल पडली असल्यास नवी दोरी न ताणता दांडीच्या लांबीच्या सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश घेतात.

पिंपरी-चिंचवड परिसर

थेरगाव हे पवना नदीकाठी वसलेले आहे. याच नदीवरील पवना धरणाचा जलाशय, आणि त्याभोवतीचे लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हे किल्ले तंबू-मुक्कामासाठी परिचित आहेत. 1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या पिंपरी-चिंचवड व भोसरी येथील वसाहतींमुळे लेथवर काम करणारे लहान कारखाने या भागात आहेत. पूर्ण दांडी तेथे सहसा बनत नाही, कारण योग्य मिश्रधातूची पातळ नळी मिळणे कठीण असते. मात्र जोडनळी, टोकाची पिन किंवा मोडीवरची बाहेरील नळी नमुना दाखवून कातून घेता येते. अशी कामे मोठ्या संख्येच्या मागण्यांच्या मधल्या वेळात केली जातात. मापांसह हाती काढलेली आकृती दिल्यास काम सोपे होते.

कापड

दांडी बसवण्यापूर्वी कापड तपासणे श्रेयस्कर असते. मावळातील पावसाळ्यात दमट अवस्थेत गुंडाळून ठेवलेल्या तंबूचा पॉलियुरेथेनचा आतील लेप जलविघटनाने चिकट होतो व त्याला आंबूस वास येतो. असा लेप खरवडून नवा द्यावा लागतो. सर्व कापडभर तो गेला असल्यास दांडीवर खर्च करण्यात अर्थ नसतो. सिलिकॉनचा लेप असलेल्या नायलॉनवर पॉलियुरेथेनचे द्रव्य धरत नाही, तेथे सिलिकॉनच वापरावे लागते. चेन मिटत नसेल तर बहुतेक वेळा दाते नव्हे, तर सरकपट्टी झिजलेली असते. ती पकडीने हलकेच दाबली किंवा बदलली की चेन पुन्हा लागते.