मॅकडोनाल्ड कुटुंब हत्याकांड

मॅकडोनाल्ड कुटुंब हत्याकांड हे अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर १७ फेब्रुवारी १९७० रोजी पहाटे घडलेले तिहेरी हत्याकांड होय. लष्करी वैद्यकीय सेवेतील कॅप्टन जेफ्री मॅकडोनाल्ड याची गर्भवती पत्नी कोलेट (वय २६) आणि मुली किंबर्ली (वय ५) व क्रिस्टन (वय २) यांची राहत्या घरात हत्या झाली. बाहेरून आलेल्या टोळक्याने हल्ला केला, असे मॅकडोनाल्डचे म्हणणे होते. मात्र रक्तगट, कापडाचे धागे आणि एका सदऱ्यावरील छिद्रे यांच्या आधारे १९७९ मध्ये ज्यूरीने त्यालाच दोषी ठरवले. आपण निर्दोष असल्याचा दावा त्याने कधीही सोडलेला नाही. न्यायसहायक विज्ञानाच्या अभ्यासात हे प्रकरण दोन कारणांसाठी घेतले जाते: निर्जीव वस्तूंनी दिलेली साक्ष किती बोलकी असू शकते यासाठी, आणि घटनास्थळ नीट न जपल्यास त्या साक्षीवर किती काळ संशयाचे सावट राहते यासाठी.

पार्श्वभूमी

मॅकडोनाल्डचा जन्म १९४३ मध्ये झाला. प्रिन्स्टन विद्यापीठात काही वर्षे शिकून त्याने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली आणि नंतर तो सैन्यात दाखल झाला. हत्याकांडाच्या वेळी तो ‘ग्रीन बेरे’ या विशेष दलात शल्यचिकित्सक होता. त्याआधी सहाच महिने, ऑगस्ट १९६९ मध्ये, कॅलिफोर्नियात चार्ल्स मॅन्सनच्या अनुयायांनी केलेल्या हत्यांनी अमेरिका हादरली होती. त्या घटनास्थळी भिंतींवर व दारावर रक्ताने शब्द लिहिलेले आढळले होते.

घटना आणि मॅकडोनाल्डचे निवेदन

पहाटे पावणेचारच्या सुमारास मॅकडोनाल्डने दूरध्वनीवरून मदत मागितली. लष्करी पोलीस पोहोचले तेव्हा कोलेट शयनगृहात जमिनीवर मृतावस्थेत होती आणि तिच्या छातीवर मॅकडोनाल्डचा झोपण्याच्या पोशाखातील फाटका निळा सदरा पसरलेला होता. पलंगाच्या उशाकडील फळीवर रक्ताने ‘पिग’ (डुक्कर) असा शब्द लिहिलेला होता. मुली आपापल्या खोलीत अंथरुणावर होत्या. कोलेटचे दोन्ही हात मोडलेले होते; तिच्या शरीरावर सुरीचे १६ आणि बर्फ फोडण्याच्या अणकुचीदार सळईचे २१ वार होते. क्रिस्टनवर सुरीचे ३३ वार झाले होते. लाकडी दांडके, सळई व एक सुरी मागील दाराबाहेर सापडली.

मॅकडोनाल्ड पत्नीशेजारी पडलेला होता. त्याला किरकोळ जखमा व खरचटण्याच्या खुणा होत्या. छातीतील एका वाराने मात्र त्याचे एक फुफ्फुस अंशतः आकसले होते. आपण बैठकीच्या खोलीत कोचावर झोपलो असताना तीन पुरुष आणि रुंद काठाची टोपी घातलेली, हातात मेणबत्ती धरलेली एक सोनेरी केसांची स्त्री घरात शिरली, असे त्याने सांगितले. ती स्त्री अमली पदार्थांची थोरवी आणि ‘डुकरांना मारा’ असे काही पुटपुटत होती. झटापटीत सदरा डोक्यावरून ओढला जाऊन मनगटांत अडकला, त्याच्यावरच आपण सळईचे वार झेलले आणि बेशुद्ध पडलो. शुद्धीवर आल्यावर सदरा काढून पत्नीच्या अंगावर घातला, असा त्याच्या निवेदनाचा सारांश आहे.

न्यायवैद्यक पुरावे

तपासाला दिशा दिली ती एका जैविक योगायोगाने. कुटुंबातील चौघांचे रक्तगट वेगवेगळे होते: कोलेटचा ए, जेफ्रीचा बी, किंबर्लीचा एबी आणि क्रिस्टनचा ओ. आईचा गट ए व वडिलांचा बी असताना एखाद्या अपत्याचा गट ओ असेल, तर दोघांकडेही ओ गटाचे सुप्त जनुक असले पाहिजे, आणि अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यात चारही गट सारख्याच प्रमाणात संभवतात. दोन अपत्यांपैकी एक एबी आणि दुसरे ओ असण्याची शक्यता त्यामुळे आठात एक इतकी असते. डीएनए चाचणी अजून दीड दशक दूर होती. तरीही या घरात कोणत्या डागाचे रक्त कोणाचे, हे साध्या रक्तगट तपासणीवरून बऱ्याच अंशी ठरवता आले.

किंबर्ली तिच्या अंथरुणावर सापडली होती, परंतु तिच्या गटाचे रक्त आईवडिलांच्या शयनगृहात आढळले. कोलेट शयनगृहात सापडली होती, पण तिच्या गटाचे रक्त क्रिस्टनच्या खोलीत होते. त्या खोलीतून बाहेर पडणारा अनवाणी पायाचा ठसा मॅकडोनाल्डचा होता आणि तो कोलेटच्या गटाच्या रक्ताने उमटलेला होता. म्हणजे जखमींना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उचलून नेण्यात आले होते. पळून जाण्याच्या घाईत असलेले हल्लेखोर हा खटाटोप कशासाठी करतील, या प्रश्नाला बचाव पक्षाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. मॅकडोनाल्डच्या स्वतःच्या गटाचे रक्त प्रामुख्याने न्हाणीघरातील बेसिनपाशी आणि स्वयंपाकघरात रबरी हातमोजे ठेवलेल्या कपाटासमोर मिळाले. जेथे तो प्राणपणाने झुंजला म्हणत होता, त्या बैठकीच्या खोलीत ते जवळजवळ नव्हते. शयनगृहात रक्ताळलेल्या रबरी हातमोज्याचे तुकडेही सापडले.

धाग्यांची कथा अशीच आहे. सदरा बैठकीच्या खोलीत फाटला असेल तर त्याचे धागे तेथे विखुरलेले असायला हवेत. प्रत्यक्षात ते कोलेटच्या मृतदेहाखाली आणि मुलींच्या खोल्यांत मिळाले. सदऱ्यावर सळईची ४८ छिद्रे होती. सगळी गोल व स्वच्छ, कडेला ओढ बसून फाटल्याची खूण नव्हती. हलत्या कापडावर वार झेलल्यास तशी खूण राहणे अपेक्षित असते. एफबीआयचे प्रयोगशाळा तज्ज्ञ पॉल स्टॉम्बॉ यांनी सदरा कोलेटच्या अंगावर होता तशी घडी घालून दाखवून दिले की २१ वारांतून ही ४८ छिद्रे पडू शकतात. कोलेटच्या छातीवरील सळईचे वारही नेमके २१ होते. या प्रात्यक्षिकात वारांची दिशा विचारात घेतलेली नाही, असा आक्षेप बचाव पक्षाने घेतला. तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. मात्र ज्यूरीवर प्रात्यक्षिकाचा प्रभाव मोठा पडला.

बैठकीच्या खोलीत ‘एस्क्वायर’ मासिकाचा मॅन्सन प्रकरणावरील मजकूर असलेला अंकही सापडला. वैवाहिक भांडणातून प्रथम कोलेट व किंबर्ली जखमी झाल्या, नंतर क्रिस्टनलाही मारून त्या अंकाच्या धर्तीवर हल्ल्याचा देखावा उभा करण्यात आला आणि मॅकडोनाल्डने शेवटी स्वतःला जखम करून घेतली, अशी सरकार पक्षाची मांडणी होती.

तपासातील त्रुटी

घटनास्थळ जपण्यात लष्करी पोलिसांनी केलेली हेळसांड या प्रकरणाइतकीच कुप्रसिद्ध आहे. घरात अनेक जण मुक्तपणे वावरले, मॅकडोनाल्डचे पैशांचे पाकीट चोरीला गेले, पडलेली कुंडी कोणीतरी उभी केली. पायाचा रक्ताळलेला ठसा लाकडी जमिनीतून कापून काढताना नष्ट झाला. घटनास्थळाकडे जाताना एका पोलिसाला रस्त्यात रुंद काठाची टोपी घातलेली स्त्री दिसली होती, पण तिला थांबवण्यात आले नाही. कडेवर आडवे पडलेले चहाचे टेबल हा तपास अधिकाऱ्यांच्या मते बनावाचा पुरावा होता, कारण त्यांच्या प्रयोगांत ते दर वेळी पूर्ण उलटत असे. प्राथमिक चौकशीचे प्रमुख कर्नल वॉरन रॉक यांनी प्रत्यक्ष त्या घरात जाऊन टेबलाला लाथ मारली, तेव्हा ते शेजारच्या झुलत्या खुर्चीला अडकून नेमके कडेवरच राहिले.

खटला

लष्करी कायद्याच्या कलम ३२ अन्वये झालेल्या या चौकशीअंती ऑक्टोबर १९७० मध्ये रॉक यांनी आरोप खरे नसल्याचा अहवाल दिला आणि हेलेना स्टोकली या व्यसनाधीन तरुणीची चौकशी करण्याची शिफारस केली. डिसेंबरमध्ये मॅकडोनाल्ड सन्मानपूर्वक सेवामुक्त झाला व पुढे कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे डॉक्टर म्हणून काम करू लागला.

प्रकरण येथेच मिटले असते. ते पुन्हा उघडले कोलेटचे सावत्र वडील फ्रेडी कसाब यांनी. सुरुवातीला ते जावयाचे खंबीर समर्थक होते. आपण एका हल्लेखोराला शोधून ठार केले, असे मॅकडोनाल्डने त्यांना सांगितले. ही थाप असल्याचे त्याने पुढे मान्य केले. चौकशीचे इतिवृत्त बारकाईने वाचल्यावर आणि त्या घरात स्वतः जाऊन जबाब पडताळून पाहिल्यावर कसाब यांची खात्री उलट झाली. १९७४ मध्ये त्यांनी नागरिक या नात्याने फौजदारी तक्रार दाखल केली. कलम ३२ ची चौकशी हा खटला नसल्याने एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला चालवण्याची बंदी आड आली नाही. जानेवारी १९७५ मध्ये ग्रँड ज्यूरीने आरोप निश्चित केले.

रॅले येथील संघीय न्यायालयात जुलै १९७९ मध्ये न्यायाधीश फ्रँकलिन डुप्री यांच्यासमोर खटला सुरू झाला. आपल्याला त्या रात्रीचे काही आठवत नाही, अशी साक्ष स्टोकलीने दिली. २९ ऑगस्ट रोजी ज्यूरीने क्रिस्टनच्या प्रथम श्रेणीच्या आणि कोलेट व किंबर्ली यांच्या द्वितीय श्रेणीच्या हत्येबद्दल मॅकडोनाल्डला दोषी ठरवले. त्याला एकापाठोपाठ भोगावयाच्या तीन जन्मठेपा झाल्या. शीघ्र खटल्याच्या हक्काचा भंग झाल्याच्या कारणावरून अपील न्यायालयाने १९८० मध्ये शिक्षा रद्द केली व तो सुटला. परंतु लष्करी आरोप मागे घेतल्यापासून नवे आरोप ठेवेपर्यंतचा काळ या हक्कासाठी मोजता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९८२ मध्ये दिला आणि त्याची पुन्हा तुरुंगात रवानगी झाली.

नंतरच्या घडामोडी

स्टोकलीने वेळोवेळी आपण त्या घरात असल्याचे सांगितले व वेळोवेळी ते नाकारले. १९८३ मध्ये तिचा मृत्यू झाला. खटल्यात पुढे न आलेल्या कृत्रिम सोनेरी केसांच्या धाग्यांवर बचाव पक्षाने पुढे मोठा भर दिला, पण न्यायालयांनी ते निर्णायक मानले नाहीत. २००६ मध्ये जाहीर झालेल्या डीएनए चाचण्यांत कोलेटच्या हातातील केस मॅकडोनाल्डचाच निघाला. स्टोकली किंवा तिचा साथीदार म्हणून नाव घेतला गेलेला पुरुष यांच्याशी कोणताही नमुना जुळला नाही, तर तीन केस कोणाचे हे ठरू शकले नाही. नव्या सुनावणीनंतर जिल्हा न्यायालयाने २०१४ मध्ये त्याची मागणी फेटाळली व २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

जो मॅकगिनिस यांचे ‘फेटल व्हिजन’ (१९८३) हे या प्रकरणावरील सर्वांत गाजलेले पुस्तक. बचाव पक्षासोबत राहून लिहिलेल्या या पुस्तकात लेखकाने मॅकडोनाल्डला दोषी मानले, त्यामुळे त्याने लेखकावरच दावा लावला. हा दावा ३,२५,००० डॉलरच्या तडजोडीने मिटला आणि त्यावर जॅनेट माल्कम यांनी ‘द जर्नलिस्ट अँड द मर्डरर’ हे पत्रकारितेच्या नीतीविषयीचे पुस्तक लिहिले. एरॉल मॉरिस यांच्या ‘अ विल्डरनेस ऑफ एरर’ (२०१२) मध्ये मात्र शिक्षेबद्दल शंका उपस्थित केल्या आहेत. प्रकृतीच्या कारणास्तव सुटकेसाठी मॅकडोनाल्डने केलेली विनंती २०२१ मध्ये नाकारण्यात आली.