गिल्बर्ट हिल : खाणीतून उरलेली टेकडी

मिरा-भाईंदरहून लोकलने अंधेरीस उतरून आम्ही पश्चिमेस गेलो, की इमारतींच्या गर्दीत सुमारे 200 फूट उंचीचा काळा कातळ दिसतो. हीच गिल्बर्ट हिल. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हारस थिजताना आकसला, तडकला आणि बेसॉल्टचे उभे बहुकोनी स्तंभ घडले, असे भूशास्त्र सांगते. निसर्गाचा चमत्कार म्हणून तिचे वर्णन केले जाते. आमच्या मते ते अपुरे आहे. ही टेकडी पूर्वी बरीच रुंद होती. वाढत्या मुंबईला बांधकामासाठी दगड हवा होता. खाणकामाने तिच्या कडा कापत नेल्या आणि आतले स्तंभ उघडे पडले. 2007 साली महानगरपालिकेने तिला वारसास्थळाचा दर्जा दिला, खाणकामास मनाई झाली. परंतु ज्या आकाराचे आज जतन करावयाचे, तो घडविण्यात दगड फोडणाऱ्या अनाम मजुरांचाही वाटा आहे, याची नोंद वर्णनांतून सहसा आढळत नाही.

माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. कातळात खोदलेल्या पायऱ्या चढून आम्ही तिथून खाली पाहतो, तेव्हा टेकडीचा गेलेला भाग याच शहराच्या पायांत असावा, असे वाटत राहते.