दिवा का विझतो?



जमिनीत पेव करून ज्वारी साठवण्याची चाल आपल्याकडे जुनी. पेव उघडले की जाणता माणूस लगेच आत उतरत नसे. आधी दिवा खाली सोडून बघायचा. विझला तर उतरायचे नाही!

हा दिवा का विझे? उत्तर मिळायला जगाला शे-सव्वाशे वर्षे लागली. १६६१ साली इटलीतील मालपिघी यांना बेडकाच्या फुप्फुसात केसाहून बारीक रक्तवाहिन्या दिसल्या. पुढे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी दाखविले, की आपल्या उच्छ्वासाने चुन्याची निवळी पांढरी होते. १७७४ साली इंग्लंडात प्रीस्टली यांनी ज्योत भडकविणारा वायू वेगळा काढला. तोच प्राणवायू. आणि फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी सांगितले, की श्वसन म्हणजे ज्योतीवाचून चालणारे संथ ज्वलनच. पेवातले धान्यसुद्धा श्वसन करते, प्राणवायू संपविते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. मग दिवा कशावर जळणार?

आता आपल्या छातीत काय चालते ते पाहा. फुप्फुसांत कोट्यवधी चिमुकले फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांच्या अतिपातळ भिंतीपलीकडून रक्त वाहते. बाहेरच्या हवेत प्राणवायू शेकडा २१, उच्छ्वासात सुमारे १६. मधला रक्तात गेला. नियम साधा आहे: वायू जास्तीकडून कमीकडे जातो. पण हा नियम कुणाची भीड धरीत नाही. प्राणवायू नसलेल्या खड्ड्यात श्वास घेतला, तर उलट रक्तातलाच प्राणवायू बाहेर पडतो. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. हाक मारायलाही उसंत मिळत नाही.

हे पुस्तकी बोलणे नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातील वाकडी गावी, शेणाच्या रबडीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. असे सहा जण उतरले. पाच दगावले. कमरेला दोर बांधलेला एक तेवढा वाचला.

म्हणून एवढे ध्यानात धरा. शेणखड्ड्यात दिवा मुळीच सोडू नका, तिथला वायू पेट घेतो. शिवाय काही विषारी वायू दिवा विझवीत नाहीत, तेव्हा दिवा जळतो म्हणून जागा निर्धोक समजू नका. आतला माणूस पडला तर मागोमाग उडी घालू नका. दोर टाका, अग्निशामक दलाला बोलवा.

गुरुजी, वर्गात पपईच्या देठाच्या नळीने चुन्याच्या निवळीत हलकेच फुंकर घालून दाखवा. निवळी तोंडात मात्र ओढू देऊ नका. निवळी पांढरी झाली, की मुलांना पेवातल्या दिव्याची गोष्ट सांगा. ती गोष्ट घरोघर पोचेल, आणि एखादा जीव वाचेल.