सहा मिलिमीटरांचा हिशेब

अंध व्यक्तीने अंगावर वागवायच्या साधनांची चर्चा हल्ली बोलणाऱ्या चष्म्यापासून सुरू होते. तिचा आरंभ मात्र मनगटापाशी शोधावा लागतो. एचएमटीच्या ब्रेल घड्याळाची काच झाकणासारखी उघडे. तबकडीवरचे उठावाचे ठिपके आणि काटे चाचपले की वेळ कळे. कोणाला विचारायला नको, कोणाला ऐकू जायला नको. चांगल्या साधनाची कसोटी मला तिथे सापडते.

नोटांच्या बाबतीतही बोटे असेच काम करीत. १९९६पासूनच्या महात्मा गांधी मालिकेत पन्नासची नोट १४७ मिलिमीटर लांब, शंभरची १५७ आणि पाचशेची १६७. दहा मिलिमीटरांचा फरक सरावलेल्या हाताला पुरत असे. नोटाबंदीनंतरच्या मालिकेत शंभरची नोट १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर झाली. रुंदी तिन्हींची ६६च. फरक उरला चार मिलिमीटरांचा. ओळखीसाठी उठावाच्या खुणा आहेत, पण हाताळून नोट मऊ पडली की त्याही झिजतात.

१९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. २०१९मध्ये त्यावर सुनावण्या झाल्या. जानेवारी २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून बोलणारे 'मणि' हे मोबाइल अ‍ॅप आणले. ते इंटरनेटशिवाय चालते, ही त्याची जमेची बाजू. पण घाटकोपर स्थानकाबाहेर भाजी घेताना एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हातात पिशवी. मग फोन धरायचा कशात आणि नोट कशात?

चष्म्यावर बसवायचा कॅमेरा ही अडचण सोडवतो. इस्रायलच्या ऑरकॅमसारखी उपकरणे छापील मजकूर वाचून कानाशी बोलतात. हात मोकळे राहतात, कान मात्र गुंततो. उपनगरी फलाटावर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो, ती जागा 'बीप' आवाजाने कळते. गाडीची चाहूल, उतरणाऱ्यांचा लोंढा, उद्घोषणा हे सारे कानानेच पाहायचे असते.

या यंत्रांना माझा विरोध नाही. पत्र, औषधाची पट्टी, दुकानाची पाटी बोटांना वाचता येत नाही. पण नोट बोटांना वाचता येत होती. तेव्हा महागड्या चष्म्याचे कौतुक करताना दहातून वजा झालेल्या त्या सहा मिलिमीटरांचाही हिशेब मांडायला हवा.