प्रवाहनियंत्रक व्हॉल्व्ह

नळातून वाहणारा द्रव, वायू किंवा वाफ यांचा प्रवाह मार्गाची मोकळीक कमी-अधिक करून नियंत्रित करणारी यांत्रिक झडप. रोमन जलवाहिन्यांवर काशाचे फिरते व्हॉल्व्ह होते. वाफेच्या एंजिनात जेम्स वॉटने १७८८ मध्ये केंद्रोत्सारी वेगनियामक वापरला. हा नियामक वाफेचा प्रवाह बदलणारा थ्रॉटल व्हॉल्व्ह आपोआप हलवी (⟶ वाफ एंजिन).

ग्लोब व्हॉल्व्हमध्ये तबकडी बैठकीवर सरळ उतरते. प्रवाह बारकाईने बदलता येतो, मात्र आतील वळणांमुळे दाब बराच घटतो. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवण्यासाठीच असतो; अर्धवट उघडा राहिल्यास त्यातील मार्ग अडवणारी पाचर थरथरते आणि बैठक झिजते. बॉल व बटरफ्लाय व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद होतात. बटरफ्लाय मोठ्या व्यासाच्या वाहिन्यांवर सोयीचा. डायफ्राम व्हॉल्व्हमध्ये लवचिक पडदा यंत्रभागांना द्रवापासून अलग ठेवतो. चेक व्हॉल्व्ह फक्त उलटा प्रवाह रोखतो, त्यामुळे काटेकोर अर्थाने तो नियंत्रक नव्हे.

स्वयंचलित व्हॉल्व्हला नियंत्रकाकडून साधारणतः ४ ते २० मिलिअँपिअरचा संकेत मिळतो व हवेच्या दाबावर दांडा सरकतो. हवा खंडित झाल्यास स्प्रिंग त्याला ठरवलेल्या सुरक्षित स्थितीत नेते (⟶ स्वयंचलित नियंत्रण).

व्हॉल्व्हच्या औद्योगिक वापराचे एक उदाहरण : छत्रपती संभाजीनगर परिसरातील वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा औद्योगिक वसाहतींना पाणी पैठणच्या जायकवाडी जलाशयातून पंपाने येते. येथील औषध व बिअर उद्योगांत निर्जंतुकता आणि वाफ-नियंत्रण यांमुळे व्हॉल्व्हची निवड महत्त्वाची ठरते (⟶ जायकवाडी, पंप).