लंडनच्या करारात हिंदुस्थान

३१ मे १९२० रोजी सोव्हिएत रशियाचा प्रतिनिधी लिओनिद क्रासिन व्यापाराची बोलणी करायला लंडनच्या डाउनिंग स्ट्रीटवर आला. बोल्शेविक खरा, पण पेशानं इंजिनिअर. क्रांतीपूर्वी सीमेन्स कंपनीचा रशियातला कारभार त्यानं पाहिला होता. त्यानं पुढे केलेला हात परराष्ट्रमंत्री लॉर्ड कर्झननं, बंगालची फाळणी करणाऱ्या त्याच कर्झननं, लगेच धरला नाही. पंतप्रधान लॉइड जॉर्जनं टोकल्यावर धरला, असं सांगतात.

लॉइड जॉर्जला बाजारपेठ हवी होती, लेनिनला यंत्रं आणि रेल्वे इंजिनं. १६ मार्च १९२१ला व्यापारी करारावर सह्या झाल्या. पण या व्यापारी कराराच्या प्रस्तावनेतच अट होती : आशियातल्या लोकांना, विशेषतः हिंदुस्थान आणि अफगाणिस्तानात, ब्रिटिश साम्राज्याविरुद्ध चिथवायचं नाही. ब्रिटनतर्फे सही करणाऱ्या सर रॉबर्ट हॉर्ननं त्याच दिवशी क्रासिनच्या हाती हिंदुस्थानबद्दलच्या तक्रारींचं पत्रही ठेवलं. त्याच वर्षी क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय यांची ताश्कंदची लष्करी शाळा बंद झाली. खिलाफतीसाठी घरदार सोडून, अफगाणिस्तान पार करून गेलेली पोरं तिथे शिकत होती. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त टोचतात ती हीच पोरं. सौदा दोन राजधान्यांचा, आणि त्यात आशा मोडली ती यांची.

अट पाळली गेली नाही, हेही खरं. मे १९२३मध्ये कर्झननं दहा दिवसांची निर्वाणीची नोट धाडली : काबूलमधला सोव्हिएत वकील रास्कोल्निकोव्ह परत बोलवा. नोटेत सोव्हिएत तारांमधले उतारेच दिले होते; इंग्रज त्या चोरून वाचत होते. १९२४मध्ये ब्रिटनच्या मजूर सरकारनं रशियाला मान्यता दिली. मे १९२७मध्ये पोलिसांनी लंडनमधल्या ‘आर्कोस’ या सोव्हिएत व्यापारी कंपनीवर छापा घालून तिजोऱ्या फोडल्या. हवा होता तो कागद मिळालाच नाही. मग संबंध तोडण्याचं समर्थन करायला मंत्र्यांनी संसदेत त्या चोरलेल्या तारा वाचून दाखवल्या. मॉस्कोनं सांकेतिक पद्धत बदलली आणि लंडनला पुढचं काही कळेनासं झालं. इतका आततायीपणा मुत्सद्देगिरीत क्वचितच दिसतो.

माझे आजोबा लालबागचे, १९२८च्या गिरणी संपातले. आमच्या घरात रशिया म्हटलं की आठवायचं ते मेरठ. २० मार्च १९२९ला डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे या कम्युनिस्ट कामगार पुढाऱ्यांना मुंबईत पकडून तिकडे नेलं. आरोप : कम्युनिस्ट इंटरनॅशनलशी संगनमत करून सम्राटाचं राज्य उलथवण्याचा कट. त्याच वर्षी मजूर पक्ष पुन्हा सत्तेवर आला, मॉस्कोशी तुटलेले संबंध जोडले गेले आणि डिसेंबरात सोकोल्निकोव्ह राजदूत म्हणून लंडनला रुजू झाला. मॉस्कोच्या राजदूताचं लंडनमध्ये स्वागत, आणि मॉस्कोशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून आमचे पुढारी कोठडीत. मजूर सरकारनं खटला मागे घेतला नाही. जानेवारी १९३३मध्ये डांग्यांना बारा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टानं ती तीन वर्षांवर आणली.